रेझ्युमेतून गाळलेली सात वर्षे

गेल्या कोजागिरीच्या कार्यक्रमात मसाला दुधाचे पेले विसळता विसळता मंडळातल्या एका मुलीने मला विचारले, "काकू, रेझ्युमेत बीडीएस लिहू, की काढून टाकू?"

मुलगी नाशिकची. तिकडे चार वर्षे स्वतःचा दवाखाना चालवलेला. नवऱ्याच्या मागोमाग न्यू जर्सीत आली आणि कळले, की तिकडच्या दंतवैद्यकाच्या पदवीवर इथे कोणाच्या तोंडात आरसासुद्धा घालता येत नाही. पुन्हा कॉलेजात जा, परीक्षा द्या, फी भरा. तेवढा पैसा नाही आणि पदरात दोन वर्षांचे पोर. म्हणून वर्क परमिट हातात आल्याबरोबर तिने सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स केला. कोर्सवाल्यांनी सल्ला दिला, की दातांचे सगळे काढून टाका, त्याचा इथे उपयोग नाही. उलट लोक विचारतील, डॉक्टर असून इकडे कशाला आलात? त्या जागी दोन प्रोजेक्ट टाका, आम्ही देतो लिहून.

तिने सहज विचारले होते. मी मात्र हातातला पेला तसाच सिंकमध्ये ठेवला. कारण हेच बोलणे, जवळजवळ याच शब्दांत, मी १९९६ साली एडिसनमधल्या एका बेसमेंटमध्ये ऐकले होते आणि मुकाट्याने मान डोलावली होती. मंडळात तीस वर्षे वावरूनही मी हे कोणाला सांगितलेले नाही. आता निवृत्त झाले आहे, नोकरी जायची भीती नाही. तेव्हा मंडळी, एकदाचे सांगूनच टाकते.

मी मूळची बँकेतली. सांगलीजवळच्या एका शाखेत १९८५ ते १९९२ अशी सात वर्षे क्लार्क होते. त्या काळच्या बँका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पितळी टोकन, जाळीमागचा कॅशियर आणि "अकाउंटंट साहेब चहाला गेलेत" हे वाक्य आठवत असेल. खातेदाराला दिसायचे ते एवढेच. आमचे खरे काम काउंटर बंद झाल्यावर सुरू व्हायचे. दिवसभराची व्हाउचर्स, लेजरमधल्या नोंदी, डे बुक या सगळ्यांचा ताळा जमल्याशिवाय घरी जायचे नाही. पाच पैशांचा फरक असला तरी शोधायचा. नवीन पोरे वैतागून म्हणत, "साहेब, माझ्या खिशातले पाच पैसे घ्या आणि सोडा की!" त्यावर आमचे हेड क्लार्क चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अरे, पाच पैशांचा फरक म्हणजे एकीकडे पाच हजारांची चूक आणि दुसरीकडे चार हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये पंच्याण्णव पैशांची. दोन्ही सापडल्या पाहिजेत."

फरक शोधायच्या त्यांच्या दोन युक्त्या होत्या. पहिली, फरकाचे निम्मे करायचे. तेवढ्या रकमेचे व्हाउचर सापडले, तर ते जमेऐवजी नावे, किंवा नावेऐवजी जमा पडले आहे असे समजायचे. दुसरी युक्ती नऊची. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर बहुतेक करून कोणी तरी दोन आकड्यांची अदलाबदल केली आहे. ६३ चे ३६ लिहिले, तर फरक २७. ४१० चे १४० लिहिले, तर फरक २७०. इतकेच नव्हे, भागाकार सांगतो की आकडे कोणते शोधायचे: २७ भागिले नऊ म्हणजे तीन, तेव्हा ज्या दोन आकड्यांत तीनचे अंतर आहे ते पाहा. या युक्तीमागचे गणित मला तेव्हा ठाऊक नव्हते. सात वाजताची एस. टी. गाठायची असायची, एवढे खरे.

सहामाही व्याजाचे दिवस तर अजून स्वप्नात येतात. बचत खात्यावरचे व्याज तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. (ही पद्धत १ एप्रिल २०१० पासून बंद झाली, तेव्हापासून रोजच्या शिलकेवर व्याज मिळते.) म्हणून दहा तारखेला बँकेत ही झुंबड. अकरा तारखेला पैसे भरले, की त्या महिन्याचे व्याज बुडाले. आम्ही प्रत्येक खात्याचे पान उघडायचो, दहा तारीख ओलांडली की पेन्सिलीने सर्वांत लहान शिल्लक शोधायचो आणि कडेला टिपायचो. एकेका लेजरमध्ये शेकडो खाती.

आणि गंमत पाहा, याच काळात मी कॉम्प्युटरच्या विरोधात घोषणा दिलेल्या आहेत! रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला आणि बँकांत यंत्रे येणार म्हणून युनियनमध्ये धास्ती पसरली. मीही दंडाला काळी फीत लावून गेट मीटिंगला उभी राहिले होते. कॉम्प्युटर आला की आपण रस्त्यावर, अशी खात्री होती. पुढे त्याच कॉम्प्युटरने माझ्या दोन मुलांची कॉलेजे केली.

१९९२ मध्ये बँकेचा राजीनामा दिला आणि ह्यांच्याबरोबर इकडे आले. पहिली चार वर्षे एच-फोर व्हिसावर घरीच. त्या व्हिसावर तेव्हा कोणालाच काम करता येत नसे. काही जणींना ती मुभा मिळाली ती २०१५ पासून. ज्या बाईच्या सहीने सांगलीत लोकांचे पैसे निघत, तिला इथे दुधाच्या गॅलनलासुद्धा नवऱ्याच्या पाकिटाकडे बघावे लागे. हे वाईट नव्हते, पण मला ते टोचत राहिले. १९९६ ला ग्रीन कार्ड आले आणि त्याच महिन्यात मी कोबोलच्या क्लासात नाव घातले. सन दोन हजारच्या भानगडीमुळे तेव्हा कोबोल येणाऱ्याला पाय ठेवीन तिथे नोकरी होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे साठवलेले, त्यामुळे ९९ नंतर ०० आले की यंत्राला ते १९०० वाटणार. असे लाखो ओळींचे प्रोग्रॅम तपासायला माणसे कमी पडत होती.

बेसमेंटमध्ये आम्ही अकरा जणी आणि चार जण. शिकवणारे उठता बसता म्हणायचे, "मागचं सगळं विसरा. पाटी कोरी करा." मी प्रामाणिकपणे पाटी पुसायचा प्रयत्न केला. पण कोबोल समोर आले आणि मला माहेरी आल्यासारखे वाटले. प्रत्येक रकमेला किती घरे, दशांशानंतर किती, चिन्ह आहे की नाही, हे आधी जाहीर करायचे. म्हणजे लेजरचे रकाने आखण्यासारखेच. फाइल उघडा, नोंद वाचा, बेरीज करा, शेवटी एकूण छापा, फाइल बंद करा. हे तर मी सात वर्षे हाताने करत होते!

पुढे कळले की हे साम्य योगायोगाचे नव्हते. कोबोल ज्या भाषेच्या पायावर उभी राहिली, ती फ्लो-मॅटिक ग्रेस हॉपर या बाईंच्या पुढाकाराने तयार झाली. हॉपरबाई मुळात गणिताच्या प्राध्यापिका. व्हासार कॉलेजात शिकवत असताना, महायुद्धाच्या काळात १९४३ साली त्या नौदलात दाखल झाल्या आणि हार्वर्डच्या मार्क वन यंत्रावर काम करू लागल्या. वर्गात गणित न आवडणाऱ्या मुलांना शिकवलेले असल्यामुळे असेल, पण हिशेबनीस माणूस चिन्हांना बिचकतो, त्याला साध्या शब्दांत लिहू द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. १९५९ साली कोबोलचे काम सुरू झाले तेव्हा या आग्रहाचा मोठा उपयोग झाला. माझ्यासारखी बी. कॉम. झालेली बाई पस्तिशीत प्रोग्रॅमिंग शिकू शकली, त्याला ही एक जुनी मास्तरीणही कारण आहे.

क्लास संपला आणि रेझ्युमेची वेळ आली. नोकरी लावून देणाऱ्याने माझा कागद पाहिला, बँकेच्या सात वर्षांवर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "क्लार्क? हे कोणाला दाखवू नका." त्याऐवजी पुण्यातल्या एका कंपनीत मी दोन वर्षे कोबोलचे काम केल्याचे लिहिले गेले. पुण्यात मी तोवर फक्त मावशीकडे गेले होते. हे मला चूक वाटले का? वाटले. रात्री ह्यांच्याजवळ बोललेसुद्धा. पण सगळेच करतात, असे वर्गातल्या प्रत्येकीने सांगितले, आणि खरेच बहुतेक जणी करत होत्या. मी सही केली.

महिन्याभरात नोकरी लागली. मेट्रोपार्कहून गाडी, नूअर्कला बदलून पाथ, आणि जर्सी सिटीतली एक वित्तसंस्था. पहिले वर्ष मी ऑफिसात फारशी बोललेच नाही. कोणी विचारू नये, "पुण्यात तुमचं मेनफ्रेम कोणतं होतं?" लंचला एकटी बसायची. लोकांना वाटे, बाई लाजाळू आहे. मी लाजाळू मुळीच नाही, हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगायला नको.

१९९८ च्या फेब्रुवारीत एका सकाळी ऑफिसात पोचले तर सगळा विभाग एका टेबलाभोवती. रात्रीची बॅच अडकली होती. प्रोग्रॅमची बेरीज आणि दिलेली कंट्रोलची बेरीज यांत ४,५०० डॉलरचा फरक. त्याच आठवड्यात सन दोन हजारच्या दुरुस्त्या करून नवा प्रोग्रॅम चढवला होता, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर. पहाटे दोनपासून पाच जण तारखांच्या ओळी चाळत होते. मी फक्त फरकाचा आकडा पाहिला आणि तोंडातून निघून गेले, "नऊने भाग जातो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कागद ओढला. ४,५०० भागिले नऊ म्हणजे ५००. म्हणजे हजाराच्या आणि शंभराच्या घरातले आकडे उलटसुलट, आणि त्यांच्यात पाचचे अंतर. प्रोग्रॅमची बेरीज होती ४,८२,७१३. शेजारी कंट्रोलची होती ४,८७,२१३. दोन आणि सात. यंत्र आकड्यांची अशी अदलाबदल करत नाही, ती माणसाची बोटे करतात. कंट्रोलची बेरीज रात्रपाळीचा ऑपरेटर हाताने भरत असे. मूळ कागद काढून पाहिला, तर त्यावर ७१३ च होते. दहा मिनिटांत बॅच पुन्हा चालू झाली.

आमची मॅनेजर पन्नाशीची, बोलायला फटकळ. तिने मला खोलीत बोलावले आणि विचारले, "हे कुठे शिकलीस?"

मी म्हटले, "बँकेत."

"कोणत्या बँकेत? तुझ्या रेझ्युमेत बँक नाही."

खोटे बोलायला अर्धा सेकंद होता. पुण्याच्या त्या कंपनीत बँकेचे काम होते, असे म्हणता आले असते. मी तोंड उघडले आणि सात वर्षांचे सगळे सांगत सुटले. लेजर, टोकन, दहा तारीख, आमचे हेड क्लार्क. मग पुण्याचे प्रोजेक्ट खोटे आहे, हेही सांगितले. ते सांगताना माझा आवाज बसला होता.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी कीपंचवर लागले होते. वीस वर्षांची असताना. एकीने पंच केलेलं कार्ड दुसरीने व्हेरिफायरवर पुन्हा टाइप करायचं, जुळलं नाही की यंत्र अडायचं. उलटे आकडे मी हजारोंनी पाहिलेत. मला नऊचं कोणी सांगितलं नाही." आणि मग, "सोमवारी खरा रेझ्युमे घेऊन ये."

दिला. तो फाइलला लागला. नोकरी राहिली, पण त्या वर्षीची पगारवाढ मिळाली नाही, आणि का ते तिने तोंडावर सांगितले. मला ते मान्य होते. मला लावून देणाऱ्याला मात्र त्याचे कमिशन पुरेपूर मिळाले होते. लंचला मी इतरांच्या टेबलावर जाऊन बसू लागले, ही माझी त्या वर्षाची कमाई.

त्यानंतर मला एक खोडच लागली. नवा माणूस भेटला, की तो आधी काय करत होता ते विचारायचे. आमच्या मंडळातले एक गृहस्थ सोलापूरचे. चादरींच्या कारखान्यात जकार्डवर काम केलेले. जकार्डने फ्रान्समध्ये हा माग १८०४ च्या सुमारास सिद्ध केला. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून नक्षी विणायची. याच भोकांच्या कल्पनेवर पुढे हॉलरिथने अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दिली. पण सोलापूरकरांना हा इतिहास नंतर कळला. त्यांनी मागावरून आणली ती एकच गोष्ट: ताण्याचे सूत तुटले की माग थांबला पाहिजे. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये पहिली वाईट नोंद आली की काम तिथेच थांबते. सहकारी कुरकुरतात, की एका नोंदीसाठी कशाला थांबायचे? हे म्हणतात, "चाळीस वार वाकडं विणून मग बघायचं का?"

याची दुसरी बाजूही आहे. आमच्या ओळखीचे एक सिव्हिल इंजिनिअर पूल बांधण्याच्या सवयीने सॉफ्टवेअरकडे गेले. पूल एकदाच बांधायचा असतो, तेव्हा सगळे नकाशे पूर्ण झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही. त्यांचे नकाशे इतके सुंदर होत, की तोवर गिऱ्हाईकाचा विचार बदललेला असे. माझेही तेच. लेजरच्या सवयीने मी प्रत्येक गोष्टीची कागदी प्रत ठेवायची, आणि जावा शिकायची वेळ आली तेव्हा जुन्या रकान्यांतून मन बाहेरच येईना. दोनदा कोर्स केला, दोनदा सोडला. शेवटपर्यंत मी मेनफ्रेमचीच राहिले. आणि ह्यांना पन्नास वर्षे क्रिकेटचे वेड आहे, त्याचा त्यांच्या नेटवर्किंगच्या कामाला काय उपयोग झाला, हे मला अजून समजलेले नाही. त्यांचे म्हणणे, संयम. घरात तो कधी दिसला नाही.

छंदाचेच म्हणाल, तर मला डोनाल्ड कनुथ यांच्याबद्दल फार आदर वाटतो. अल्गोरिदमवरचे त्यांचे ग्रंथ जगप्रसिद्ध आहेत. १९७७ साली त्यांच्या एका खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे आली आणि अक्षरे इतकी वाईट दिसली, की लेखन बाजूला ठेवून त्यांनी पुस्तक जुळवण्याची टेक ही प्रणालीच लिहायला घेतली. लवकर संपेल म्हटलेले काम वर्षानुवर्षे चालले. सुबक पानाची आवड नसती, तर दुसरा कोणी प्रकाशकाला रागाचे पत्र लिहून मोकळा झाला असता.

आपल्याकडचे उदाहरण तर रोज आपल्या डोळ्यांपुढे असते. या त्रैमासिकाचे टायपिंग मी करू लागले तेव्हा प्रत्येक फाँटची वेगळी तऱ्हा. माझ्याकडे टाइप केलेला लेख संपादकांच्या कॉम्प्युटरवर उघडला, की कंस, स्वल्पविराम आणि उद्गारचिन्हे यांची भेळ. मग विंडोज २००० मध्ये मंगल नावाचा देवनागरी युनिकोड फाँट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी. हे गृहस्थ इंजिनिअर नव्हेत. मराठीतले कवी, सुलेखनकार; उल्का या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक होते, मग आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात शिकवले. २००८ साली ते गेले. अक्षर हाताने लिहिताना लेखणी कुठे वळते, जोडाक्षरात कोण कोणाच्या खांद्यावर बसतो, हे ज्याच्या बोटांत आहे असा माणूस त्या कामात होता म्हणून आपल्याला पडद्यावर वाचण्यासारखी देवनागरी मिळाली.

आपला "ऱ्या" घ्या. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांना वाकून नमस्कार करायचा आणि आचाऱ्यांना जिलबीचे पैसे द्यायचे. हिंदीला हा अर्धा र लागत नाही. तेव्हा मराठी शाळेत शुद्धलेखनाच्या पट्ट्या खाल्लेला कोणी तरी जवळ असल्याशिवाय निव्वळ हुशार प्रोग्रॅमरला हे सुचायचे कसे? युनिकोडमध्ये त्याची सोय आहे: नुक्त्याचा ऱ, त्याचा पाय मोडायचा आणि पुढचे अक्षर जोडायचे. तरी अजून आमच्याकडे "सुर्या" आणि "सुऱ्या" यांची गल्लत केलेले लेख येतात. कोथिंबीर चिरायला सुर्या घेतल्या, असे एका पाककृतीत आले होते.

तर नाशिकच्या मुलीकडे येते. पेले आवरून आम्ही दोघी हॉलच्या पायऱ्यांवर बसलो. मी तिला हेच सगळे सांगितले, जरा कमी पाल्हाळाने. ती म्हणाली, "पण काकू, तुमची बँक आणि तुमचं काम एकच होतं. दात आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध?"

मला दातांतले फक्त दुखणे कळते. म्हणून मी तिलाच बोलते केले. इथे दातांच्या विम्याचे दावे कसे भरतात, असे विचारले, तर ती हसायला लागली. भारतात तिने शिकलेली दातांची मोजणी दोन आकडी. पहिला आकडा जबड्याच्या चतुर्थांशाचा, दुसरा दाताचा. त्या हिशेबाने १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अमेरिकेत मात्र मोठ्यांचे दात सरळ १ ते ३२ मोजतात, आणि इथला १८ म्हणजे खालची, डावीकडची, अक्कलदाढेच्या आधीची दाढ. "म्हणजे बाहेरच्या देशातला एक्सरे आणि चिठ्ठी घेऊन कोणी आलं आणि नंबर तसाच भरला, तर दावा चुकीच्या दाताचा!" ती म्हणाली. "आणि ३८ आला तर प्रोग्रॅमने अडवलं पाहिजे, कारण इथे मोठ्या माणसाला ३८ नंबरचा दात नसतोच. पण १८ आला तर अडणार नाही, ती चूक गुपचूप आत जाईल. ती कशी पकडायची..." आणि ती विचार करायला लागली. माझ्याकडे लक्षच नव्हते. आत तिचे पोर रडत होते, ते मी उठून घेतले.

तिने बीडीएस सगळ्यांत वर लिहिले. खोटी प्रोजेक्टे घातली नाहीत, त्यामुळे कोर्सवाल्यांनी तिला पुढे पाठवायचे नाकारले. दोन महिने एकही फोन आला नाही आणि माझा सल्ला तिला महागात पडला की काय, या विचाराने माझी झोप उडाली. तिच्या नवऱ्याने मला मंडळाच्या संक्रांतीला जरा घुश्शातच तिळगूळ दिला. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. एका दंतविमा कंपनीने मुलाखतीला बोलावले आहे, मंगळवारी दहाला. पोराला कोणाकडे ठेवायचे, हा प्रश्न होता. मी म्हटले, नऊलाच आणून सोड, मी घरीच आहे.